शरिफाच्या डेगीतली बरणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे, आणि माझ्याशी ओळख करून घ्यायची असेल तर आधी हात कोरडे करून या. ओल्या हाताचा मला राग आहे. कुणाला हा माझा तोरा वाटतो, पण हा तोरा नाही, अनुभव आहे. तो अनुभव मला कसा आला, तेच आज तुम्हांला सांगणार आहे.

माझा जन्म भट्टीत झाला. पांढरी वाळू, सोडा आणि चुनखडी यांचा उकळता रस साच्यात ओतला, आत हवा भरली आणि मी उभी राहिले. गोल खांदे, रुंद तोंड, जाड बूड. कारखाना दूर परमुलखात होता. त्याचं नाव माझ्या बुडावर इंग्रजीत उमटवलेलं आहे. मला त्या अक्षरांचा फार अभिमान होता, पण पुढे ज्यांच्या घरी मी राहिले त्यांतल्या एकालाही ती वाचायची गरज पडली नाही.

तेव्हा महायुद्ध चालू होतं. नगरला लागून असलेल्या भिंगारच्या कॅम्पात गोऱ्या सैनिकांचा मोठा तळ होता. माझ्यात संत्र्याच्या सालींचा कडसर मुरंबा भरून मला तिथल्या साहेबांच्या मेसमध्ये पाठवलं. टेबलावर मी रुबाबात बसायचे. साहेबलोक सुरीने मुरंबा काढून पावाला फासायचे आणि खाता खाता लढाईच्या बातम्या बोलायचे. माझ्या पोटातला मुरंबा संपला तसा माझा रुबाबही संपला. मला मुदपाकखान्याच्या मागे, राखेच्या ढिगाशेजारी फेकून दिलं. मुंग्या आल्या, माश्या आल्या, एक पाल तर चांगली मुक्कामाला आली. साहेबी थाट किती दिवस पुरतो, ते मला त्या ढिगावर कळलं.

तिथून मला उचललं गनीभाईंनी. गनीभाई मेसमध्ये भांडी घासायचे. उंच, अबोल माणूस. रिकाम्या बरण्या घरी न्यायला त्यांनी वरच्या खानसाम्याची परवानगी काढली होती. युद्धामुळे बाजारात चिनी मातीच्या बरण्या येईनाशा झाल्या होत्या. ज्यांच्याकडे जुन्या होत्या त्यांच्या फुटत होत्या, आणि लोणची-मुरंबे तर घरोघरी घालायचेच होते. म्हणून गनीभाईंची बायको शरिफा आमच्यासारख्या टाकलेल्या बरण्या साफ करायची आणि भिंगारच्या आठवड्याच्या बाजारात मांडायची. पैशापेक्षा धान्यच जास्त मिळायचं. एका बरणीला कुणी ज्वारी द्यायचं, कुणी डाळ. सुरुवातीला हा वरकड उद्योग होता. पण एका सकाळी भरलेली हातगाडी गनीभाईंच्या पायावरून गेली. पाय वाचला, पण उभं राहायचं काम सुटलं. मेसची नोकरी गेली. एका शेजाऱ्याच्या ओळखीने कॅम्पातल्या बरण्या येत राहिल्या, आणि त्या दिवसापासून त्या घराची चूल आमच्यावर पेटायला लागली.

आता शरिफाचं काम कसं चालायचं ते सांगते, कारण माझी सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

पहिल्यांदा तिलाही ते नीट येत नव्हतं. तिने डेगीत, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पाणी उकळलं आणि माझ्या शेजारची बरणी थेट त्या उकळत्या पाण्यात सोडली. टच्च करून आवाज आला आणि माझी शेजारीण गळ्यापासून बुडापर्यंत चिरली. पुढचा नंबर माझा होता. मी काच असूनही गार पडले म्हणा ना! तेवढ्यात गनीभाई ओरडले, "थांब, थांब! खानसामा थंड्या पान्यात घालायचा, थंड्या! आन् खाली कापड टाकायचा."

तेव्हापासून शरिफाची रीत ठरली. आधी राखेने आणि नारळाच्या काथ्याने आतून-बाहेरून घासायचं. मग डेगीच्या तळाशी जुन्या लुगड्याची जाड घडी अंथरायची, म्हणजे आम्ही तळाला आपटत नाही. त्यावर आम्हांला आडवं निजवायचं आणि गार पाणी आमच्या डोक्यावरून जाईल इतकं ओतायचं. खाली मंद जाळ. पाणी हळूहळू तापायचं, आम्हीही त्याच्याबरोबर तापायचो. मग बुडबुडे यायचे आणि आम्ही सगळ्या जणी एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून खडखडत नाचायला लागायचो. शरिफाच्या सगळ्या भाकऱ्या थापून, भाजून होईपर्यंत आमचा नाच चालायचा. त्यानंतर ती जाळ ओढून घ्यायची, पाणी जरा निवू द्यायची, आणि सांडशीला फडकं गुंडाळून आम्हांला एकेकीला बाहेर काढायची. उन्हात खाटेवर धुतलेलं कापड पसरलेलं असायचं. त्यावर आधी उपडं, मग पाणी निथळलं की तोंड वर करून उन्हात.

पुसायचं मात्र नाही. हे तिचं मोठं व्रत होतं. कुणी पदराने पुसायला गेलं की ती अंगावर यायची. "उकळून काय उपेग, पदराची घान परत आत घालायची आसंल तर? ऊन पुसतंय तिला. तुमी बोटं भाईर ठेवा." अगदी शेवटी ती माझ्या तोंडाशी नाक नेऊन वास घ्यायची. काहीच वास आला नाही की तिचा चेहरा खुलायचा. मला कुणी इतकं जपलेलं मी आधी पाहिलं नव्हतं. साहेबांच्या टेबलावरही नाही.

बाजारात शरिफाच्या शेजारी गोजरबाई बसायच्या. जामखेडच्या रस्त्याला आत एक वाडी होती, तिथल्या त्या शेतकरीण. विहिरीवर त्यांची आंब्याची दोन-चार झाडं होती. चैत्रात त्या कैऱ्या घेऊन यायच्या, एरवी वांगी-मिरच्या. गिऱ्हाईक नसलं की दोघी बोलत बसायच्या. एकीला तहान लागली तर दुसरी तिचा माल सांभाळायची. त्या वर्षी गोजरबाईंनी मला निवडलं. टोपलीभर ज्वारी दिली आणि मला कैऱ्यांच्या रिकाम्या पाटीत, गवताच्या गादीवर बसवून वाडीवर नेलं. त्यांचं बघून वाडीतल्या बाकीच्या बायकांनीही शरिफाकडून बरण्या घेतल्या. शरिफाला इतकं गिऱ्हाईक कधी मिळालं नव्हतं.

गोजरबाईंना माझ्यात साखरांबा घालायचा होता. त्यांची लेक मनकर्णा पोटुशी होती, पहिलटकरीण, आणि तिला आंबट-गोड खावंसं वाटत होतं. साखरेवर तेव्हा कंट्रोल होतं. मिळायची ती चिमटीभर. गोजरबाईंनी घरात गुळाचा चहा पाजून पाजून ती साखर डब्यात जमवली होती. घरधनी कुरकुरला, पण त्यांनी डब्याला हात लावू दिला नाही. अशी ती साखर होती, मित्रांनो. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढे काय गेलं ते तुम्हांला कळेल.

साखरांबा करायच्या दिवशी सकाळी गोजरबाईंनी निखाऱ्यावर हिंग टाकला आणि मला त्या धुरावर उपडं धरलं. ही त्यांच्या घरची रीत. मग झाकण लावून, मला फळीवर ठेवून त्या कैऱ्या उतरवायला विहिरीवर गेल्या. घरात राहिल्या त्यांच्या सासूबाई, राहीबाई.

राहीबाई ठेंगण्या, ताठ, आणि पहाटेपासून घरात सगळ्यांच्या आधी जाग्या. त्यांचं माहेर कोपरगावचं, गोदावरीच्या काठावरचं. आपल्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. माहेराहून आणलेला गंगेच्या पाण्याचा तांब्याचा गडू त्यांनी देव्हाऱ्यात ठेवला होता. तोंड लाखेने बंद केलेलं. नगरच्या कोरड्या मुलखात दिलेल्या त्या बाईला माहेरची नदी म्हणजे तो गडू.

त्यांनी मला फळीवरून खाली घेतलं, उजेडात धरलं आणि स्वतःशीच पुटपुटल्या, "गोऱ्यांनी हिच्यात काय काय ठिवलं आसंल देवाला ठावं. आन् मंग मुसलमानाच्या चुलीवरनं आलेली. पोरीच्या पोटात जायचंय."

मग त्यांनी गडूची लाख फोडली, माझं झाकण काढलं. थोडं पाणी माझ्यात ओतलं, मला गोल गोल फिरवलं आणि ते पाणी तुळशीत ओतलं. मला जागेवर ठेवून झाकण पुन्हा घट्ट लावलं. उपडं ठेवलं नाही, वाळवलं नाही. गंगेचं पाणी, ते कशाला वाळवायचं? त्यांच्या मनात कपट नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. नातवंडासाठी जे सर्वांत पवित्र त्यांच्याजवळ होतं, ते त्यांनी माझ्यात ओतलं होतं. पण माझ्या बुडाशी थेंब साचले होते. मी फळीवर बसून ओरडायचा प्रयत्न केला. पण काचेला आवाज फुटताना एकदाच येतो.

दुपारी गोजरबाईंनी कैऱ्या किसल्या, साखरेत शिजवल्या, वेलदोडा घातला. साखरांबा पिवळाधमक झाला होता. तो पुरता निवल्यावर त्यांनी झाकण काढलं आणि घाईघाईने माझ्यात भरला. बुडाकडे बघितलंच नाही. का बघतील? स्वतःच्या हाताने धुरी दिली होती. तोंडाला दादरा बांधला, म्हणजे पांढऱ्या कापडाचा तुकडा, आणि मला कोपऱ्यात ठेवलं.

पुढचं लपवायला मी काही मातीची बरणी नाही. माझ्या पोटातलं सगळ्या जगाला दिसतं. आधी काचेच्या कडेला बारीक बुडबुडे आले. मग वर पांढरे ठिपके, मग त्यांवर हिरवी लव. एके दिवशी मनकर्णा वाटी घेऊन आली, गोजरबाईंनी दादरा सोडला आणि आंबूस वास घरभर झाला.

गोजरबाई दादरा हातात घेऊन खाली बसल्या. "माझी साखर," एवढंच म्हणाल्या. मनकर्णाने वाटी मागे ठेवली आणि आईचीच समजूत काढायला लागली.

दारातून राहीबाई म्हणाल्या, "म्या म्हनलंच हुतं. त्या बरणीत काय टिकनार न्हाई. म्या गंगा फिरवली आसती तर..." आणि इथे त्या थबकल्या, कारण त्यांनी तर फिरवली होती! मग त्यांनी स्वतःचं समाधान करून घेतलं, "एवढं करून बी नासला. लई वंगाळ बरणी." पण त्यांचं बोलणं गोजरबाईंच्या कानांवरून गेलं. त्या साखरांबा उकिरड्यावर टाकायला उठल्या होत्या.

वाडीत बोलणं पसरायला वेळ लागत नाही. मुसलमानणीच्या बरणीत गोजराचा साखरांबा नासला, एवढंच सगळ्यांना कळलं. बाकीच्यांच्या बरण्यांतलं लोणचं धडधाकट होतं, पण तो विचार कुणी केला नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी बायका रांगेने शरिफासमोर आल्या आणि बरण्या ठेवायला लागल्या.

"आमच्या घरात म्हाताऱ्या मानसांना चालत न्हाई," छबूबाई नावाची एक शेतकरीण म्हणाली. "तुजी तू घे बाई परत."

"लोनचं नासलं का तुमचं?" शरिफाने विचारलं.

"न्हाई. पन कशाला वाट बघायची?"

गोजरबाई सर्वांत शेवटी आल्या. मला पदराखालून काढलं आणि समोर ठेवलं. शरिफाने मला उचलून वास घेतला. तिचा चेहरा पडलेला मी पहिल्यांदा बघितला.

"गोजरबाई, म्या कोरडी ठक्क करून दिली हुती."

"मला ठावं हाय गं."

"मंग वल कुठनं आली? वल आल्याबिगर ही बुरशी येत न्हाई."

"म्या धुरी दिली, झाकून ठिवली. माझा हात बी वला नव्हता," गोजरबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले. दोघींमध्ये आम्हां परत आलेल्या बरण्यांची रास होती, आणि त्या दिवशी शरिफाच्या पाटीत ज्वारीचा दाणा पडला नाही.

घरी गनीभाई म्हणाले, "सोड हा धंदा. बाटलीवाल्याला देऊन टाकू समद्या."

"आन् खायचं काय?" शरिफा म्हणाली. "बरण्या जाऊ द्या. पन माझ्या हातचं लोकांच्या घरात नासतं, हे मी आयकून घेनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला आणि माझ्यासारख्याच आणखी एका बरणीला घेऊन वाडीवर गेली. अंगणाच्या कडेला, लिंबाच्या झाडाखाली उभी राहिली. उंबऱ्यापाशी आली नाही. वाडीतल्या चार बायका गोळा झाल्या होत्या.

"गोजरबाई, चूल तुमची, पातेलं तुमचं, पानी तुमच्या हिरीचं. मी हात बी लावनार न्हाई. हितं बसून सांगते, तुमी करा. ह्या टायमाला नासलं तर मी परत बरणीचं नाव काढनार न्हाई."

गोजरबाईंनी लगेच पदर खोचला. साखर उरली नव्हती, पण गूळ होता आणि झाडाला शेवटच्या कैऱ्या होत्या. त्यांनी पातेल्यात लुगड्याची घडी अंथरली, आम्हांला निजवलं, गार पाणी ओतलं. शरिफा झाडाखालून सांगत होती, "जाळ कमी. आजून कमी. आता ऱ्हाऊ द्या." आम्ही दोघी नाचलो. मग गोजरबाईंनी आम्हांला काढून खाटेवर कापडावर उपडं ठेवलं. पुसायला त्यांनी नकळत पदर उचलला, तशी शरिफा ओरडली, "अवं, पदर न्हाई!" बायका हसल्या. गोजरबाईही हसल्या. वाडीवर त्या दिवशी पहिल्यांदा कुणी हसलं होतं.

तेवढ्यात राहीबाई घरातून आल्या. हातात गडू होता. त्या सरळ खाटेपाशी आल्या, मला उचललं, आणि गडू माझ्या तोंडाशी नेला.

गडूची लाख आधीच फोडलेली होती, ती गोजरबाईंनी बघितली. शरिफानेही बघितली. "आत्याबाई, मागल्या टायमाला बी तुमी..." गोजरबाई बोलायला लागल्या आणि त्यांची जीभ अडली. चार बायकांसमोर सासूला काय विचारायचं?

मला वाटलं, आता शरिफा बोलणार. एक वाक्य बोलली असती तर ती सुटत होती. पण ती उठली, दोन पावलं पुढे आली आणि म्हणाली, "मावशी, जरा थांबा. गंगेचं पानी हाय ना त्ये?"

"व्हय. कोपरगावचं. माझ्या माहेरचं."

"मंग एका बरणीत कशाला घालता? त्या पातेल्यातच घाला की. परत एक उकळी काढू. दोनी बरण्यांना आतनं-भाईरनं समदीकडं लागंल."

राहीबाईंनी तिच्याकडे निरखून बघितलं. त्यांना ते पटलं. "गंगा उकळली तरी गंगाच," त्या म्हणाल्या आणि पातेल्यात धार सोडली. आम्ही कोमट होतो, पाणीही कोमट झालेलं होतं. आम्हांला पुन्हा निजवलं, पुन्हा उकळलं, पुन्हा उन्हात वाळवलं. गुळांबा निवला तेव्हा आम्ही कोरड्या ठणठणीत होतो.

शरिफाला रस्त्यापर्यंत पोचवताना गोजरबाई तिचा हात धरून म्हणाल्या, "मला कळलं गं समदं." हे मला नंतर समजलं, कारण पुढे माझ्यासमोरच त्या दोघी ते आठवून बोलत. शरिफा म्हणाली होती, "मला बी कळलं. पन तुमी सासूला बोलू नका. तुमाला त्या घरात ऱ्हायचंय."

गुळांबा टिकला. आषाढ गेला, हवेत ओल आली, घरातल्या वाकळांना वास यायला लागला, पण माझ्या पोटात बुरशीचा ठिपका नव्हता. तुम्हांला वाटेल, झालं, शरिफाचा डाग पुसला. तसं काही झालं नाही, मित्रांनो. वाडीतल्या बायका म्हणाल्या, "गोजराच्या हातानं उकळली म्हनून टिकली. ती शरिफा आधी नीट उकळत नसंल." म्हणजे बरणी निर्दोष ठरली आणि बाई दोषीच राहिली. बाजारात शरिफा बरण्या मांडायची आणि संध्याकाळी तेवढ्याच उचलून न्यायची. गनीभाईंनी बाटलीवाल्याला निरोप धाडला होता. गोजरबाई हे सगळं बघायच्या, घरी येऊन सासूसमोर तोंड उघडायच्या आणि मिटायच्या. मला त्यांचा राग यायचा. आता विचार करते तेव्हा वाटतं, त्यांचीही काही सोपी गत नव्हती.

श्रावणातल्या सोमवारी राहीबाईंचा उपास होता. गोजरबाईंनी त्यांना वाटीत गुळांबा दिला. म्हातारीने बोट लावून चाखला. मग पुन्हा चाखला. मग मला हातात घेऊन दाराच्या उजेडात कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"गोजरा, बरणी तीच ना?"

"तीच, आत्याबाई."

"पानी बी तेच हुतं. गंगेचंच." "ह्या टायमाला पानी उकळलं आन् बरणी वाळवली. त्या टायमाला म्या नुसतं फिरवलं आन् झाकान लावलं." त्यांनी सुनेकडे बघितलं. "मनकर्णाचा साखरांबा माझ्यामुळं गेला का गं?"

गोजरबाई खाली बघत राहिल्या. राहीबाईंना उत्तर मिळालं. त्यांनी वाटी खाली ठेवली. त्या दिवशी त्यांनी पुढे काही खाल्लं नाही, नुसतं पाणी प्यायल्या.

बाजाराच्या दिवशी मला धोतराच्या फडक्यात बांधून त्या सुनेबरोबर भिंगारला निघाल्या. कित्येक वर्षांत त्या बाजाराला आल्या नव्हत्या. शरिफासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आजूबाजूला वाडीतल्या बायका माल घेऊन बसल्या होत्या, छबूबाईही होती. शरिफा दचकून उठली. तिला वाटलं, आता आणखी काय ऐकायचंय?

राहीबाईंनी फडकं सोडलं, मला सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बायांनो, आयका. ही शरिफाची बरणी. पयल्या टायमाला तिनं कोरडी दिलती. म्याच तिच्यात पानी फिरवलं आन् वली झाकली. साखरांबा माझ्या हातानं नासला. बोल हिला लागला."

शरिफाच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने ओढणीने टिपलं आणि म्हणाली, "मावशी, गंगेत काय खोट नव्हती. बरणी वाळायची ऱ्हाऊन गेली, यवढंच."

"त्येच सांगतीय म्या," म्हातारी म्हणाली, आणि तिथेच, शरिफाच्या बरण्यांशेजारी फतकल मारून बसली. संध्याकाळपर्यंत उठली नाही. जी बाई बरणीपाशी थांबेल तिच्या तळहातावर माझ्यातला गुळांबा ठेवायची आणि वर दटावायची, "घरी गेल्यावर पानी-बिनी लावू नको. लावायचं आसंल तर उकळायच्या आधी लाव. आन् वाळू दे. माझ्यावानी करू नको." छबूबाईने पहिली बरणी परत घेतली. दिवस मावळला तेव्हा शरिफाच्या पाटीत ज्वारी होती आणि मी चाटून-पुसून रिकामी झाले होते. रिकामं होण्याचा इतका आनंद मला साहेबांच्या टेबलावर कधी झाला नव्हता.

खोटं कशाला सांगू, राहीबाई शरिफाच्या घरचं पाणी शेवटपर्यंत प्यायल्या नाहीत. तेवढं त्यांना जमलं नाही. पण चैत्र आला की त्या भिंगारला यायच्या, शरिफाच्या डेगीजवळ पाट टाकून बसायच्या, आणि बरण्या वाळल्या की नाही हे शरिफाच्या आधी त्याच बघायच्या. मनकर्णाच्या मुलीच्या बारशाला शरिफाने नवी बरणी पाठवली होती. ती मात्र राहीबाईंनी दोन वेळा उन्हात ठेवली.

आता माझ्या काठाचा टवका उडालाय. झाकण गंजून गेलं. कैऱ्या किसणारे हात राहिले नाहीत, विकतचे डबे आले. सध्या मी एका घराच्या माळ्यावर आहे आणि माझ्यात भोपळ्याच्या बिया ठेवल्यात. धूळ बसते. वाईट वाटतं, पण बिया कोरड्या आहेत, एवढ्यावर मी समाधानी आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात माझी एखादी बहीण असेल तर तिला खाली काढा. गार पाण्यात ठेवून हळू तापवा, उन्हात तोंड वर करून वाळवा, पदर लावू नका. आणि इतकं करूनही कधी काही नासलंच, तर बरणी कुणाच्या घरून आली होती हे विचारण्याआधी, ती भरताना कोरडी होती का, एवढं आपल्या घरात विचारून बघा.